चौपट

आपल्या आप्ताच्या हिताचे सत्य आपल्याच मत्सराला सुखावणारे असले, की माणूस मोठ्या धर्मसंकटात सापडतो. बोलावे तर हेतू मलिन ठरतो; न बोलावे तर पुढच्या हानीचे पाप आपल्या माथी येते. चष्म्याच्या काचा घासून उपजीविका करणाऱ्या एका थोरल्या भावावर असा प्रसंग आला.

सोळा वर्षांपूर्वी वडिलांचे घर विकून दोघा भावांना चार-चार लाख मिळाले. थोरल्याने त्या पैशांत काचा घासण्याचे परदेशी यंत्र घेतले. धाकटा पाणीपुरवठा खात्यात कारकून होता. त्याने सर्व रक्कम शेअर बाजारात गुंतवली. ती आता सोळा लाख झाली होती. दर रविवारी थोरला त्याच्याकडे जेवायला येई, तेव्हा तो मोबाइलवरचा हिरवा आकडा सर्वांना दाखवी.

"दादा, चौपट! तू अजून काचाच घासतोयस."

थोरला हसे आणि ताटात बघून जेवत राही. भावाचा नवा सदरा दिसला तरी त्याच्या पोटात दुखे. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो मनाशीच म्हणे, त्या वेळी मलाच कशी बुद्धी झाली नाही?

अशाच एका रविवारी धाकट्याने खिशातून एक लिफाफा काढून ताटाशेजारी ठेवला. "राजीनामा. उद्या देतोय. आता व्याप कशाला? बसून खाईन."

योगायोग असा, की थोरल्याचे यंत्र झिजले होते आणि आदल्याच दिवशी विक्रेत्याकडून नव्याचा भाव आला होता. तेच यंत्र, तीच कंपनी, किंमत वीस लाख. तिकडच्या चलनात ते जेमतेम अडीचपट महागले होते. उरलेली सारी वाढ इथले चलन घसरल्याची होती. म्हणजे ज्या पैशांत तेव्हा एक अख्खे यंत्र येत होते, त्याच्या चौपट पैशांत आज एकही येत नव्हते. हे ध्यानात येताच थोरल्याला असा आनंद झाला होता, की तो दुकानात एकटाच हसला. त्या हसण्याची आता त्याला लाज वाटली.

तरीही त्याने यंत्राचा नवा भाव आणि हा हिशेब भावाला सांगितला.

धाकट्याचा चेहरा उतरला. "मला कुठे यंत्र घ्यायचंय? मला घर चालवायचंय."

"बरं. घराचं भाडं किती?"

धाकट्याची बायको वाढता वाढता थांबली. "चौदा हजार, भाऊजी. सोळा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा तीन होतं."

"म्हणजे तेव्हा तुझ्या पैशांत अकरा वर्षांचं भाडं निघत होतं. आज जेमतेम साडेनऊ वर्षांचं निघतं. आकडा फुगलाय रे, पैसा नाही वाढला."

"जळतोस तू, दादा."

थोरल्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "जळतो. सोळा वर्षं जळतोय. काल हे कळलं तेव्हा तर सुखाची झोप लागली मला. पण हिशेब खरा आहे. पाहिजे तर वाण्याला विचार, मुलाच्या फीची पावती काढ."

धाकट्याच्या बायकोने खरोखरच कपाटातून फीच्या जुन्या पावत्या आणल्या. धाकट्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या. मग आवाज खाली आणून त्याने विचारले, "मग काय करू? विकून टाकू?"

"विकू नकोस. पैसे घरात ठेवले असतेस तर याहून हाल झाले असते. फक्त नोकरी सोडू नकोस."

"आणि तुझं यंत्र?"

"जुन्याचंच घासायचं चाक बदलून घेईन. तू दोन दिवस माझ्याशी बोलू नकोस, एवढंच कर. मला अजून तुझ्याकडे सरळ बघता येत नाही."

"दोन कशाला, चार दिवस नाही बोलत," असे म्हणून धाकट्याने लिफाफा फाडला आणि भावाच्या ताटात वाढायला बायकोला खूण केली.

जळत असतानाही ज्याने खरे सांगितले, आणि दुखावूनही ज्याने ऐकून घेतले, त्या दोघांच्या कष्टांना त्यांचे पुरते मोल मिळो. त्यांच्या घरी शांती नांदो.