हलायचं नाही

आतून बझर वाजला आणि मी ताडकन उठले. एमआरआयच्या मशीनमध्ये जीव घाबरला तर दाबायला हातात एक रबरी फुगा देतात. आमच्या ह्यांनी तो दाबला होता.

"काय झालं काका? त्रास होतोय?" काचेअलीकडून टेक्निशियनने माइकवर विचारलं.

"त्रास कसला? ते समोरच्या पडद्यावरचं अधिक चिन्ह मध्यावर नाहीये तुमचं. जरा डावीकडे घ्या!"

ज्यांच्या अभ्यासासाठी ही तपासणी चालली होती त्या डॉक्टर आम्रपालींनी कपाळाला हात लावला. मी काय लावणार? माझं तर लग्नातच फुटलंय.

हे पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. रेघ सरळ हवी, हे तिथे शोभलं. पण कर्वेनगरच्या आमच्या घरात मी वाळत घातलेला कपडा काढून हे पुन्हा वाळत घालतात. बोललं की म्हणणार, "नीट घातला असतास तर हात लावला असता का?" ह्या जाचाला कंटाळून मुलगा, केयूर, कोथरूडला वेगळा राहिला. मी राहिले. पण उन्हाळ्यात एका सकाळी मला धाप लागली, श्वास पुरेना, खाली रिक्षा थांबलेली, आणि हा माणूस पलंगावरची चादर ताणत बसला! वाचले मी. पण तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न. हा दुष्टपणा, की ह्यांना खरंच काही कळत नाही?

म्हणून बजावलं होतं, ही तपासणी पुरी करा आणि उपचाराला बसा, नाहीतर मी चालले केयूरकडे. हे तयार झाले, पण कशासाठी? "दोष कुणात आहे ते मशीनच सांगेल."

"डॉक्टर, ह्यांचा हट्ट मेंदूत कुठे बसलाय ते दिसेल ना हो?" मी विचारलं.

"नाही काकू. एकट्याच्या चित्रावरून तसं सांगता येत नाही. मेंदूचे भाग सतत एकमेकांशी बोलत असतात. काकांसारखा मंत्रचळाचा त्रास असलेल्यांमध्ये ते बोलणं वेगळं असतं का, हे आम्ही पुष्कळ लोकांचे मेंदू ताडून बघून शोधतोय. पण त्यासाठी काकांनी स्वस्थ पडायला हवं. आता हलले, तर आम्हाला त्यांना अभ्यासातून वगळावं लागेल."

टेक्निशियन आत जाऊन आला. माइकवर म्हणाला, "काका, चिन्ह मध्यावरच आहे. तुमची मान तिरकी आहे. डोकं पक्कं बसवलंय, आता हलायचं नाही. तिरकं दिसलं तर तिरकं बघा."

मशीन ठणाणा करायला लागलं. काचेतून मला ह्यांची फक्त पावलं दिसत होती. बोटं आवळायची, सुटायची, पुन्हा आवळायची. आता दाबतात की मग दाबतात! माझ्या हातातल्या पदराचा बोळा झाला. पण बझर वाजला नाही.

बाहेर येऊन हे बाकावर बसले. चेहरा पार उतरलेला.

"त्या सकाळी तू 'चला हो, चला हो' म्हणत होतीस," हे म्हणाले. "मला ऐकू येत होतं."

"मग?"

"चादरीची सुरकुती जात नव्हती गं."

संताप आला, कीव आली, रडू आलं. ह्यांना ऐकूच आलं नसेल, असं मी रोज स्वतःला समजावत आले होते.

"सोमवारपासून उपचाराला येतो मी," हे हळूच म्हणाले.

तेवढ्यात केयूरचा फोन आला. "आई, नीट झालं ना सगळं? मग तू आता घरीच थांबणार ना?"

फोनवरचं ह्यांना ऐकू जात होतं. मान खाली घालून हे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"नीट झालं," मी म्हटलं. "बाबांनी शब्द पाळला. पण त्या सकाळी त्यांना ऐकू येत होतं रे. तू ये मला न्यायला."

ह्यांनी वाद घातला नाही. बाकावर थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली. मी उभीच राहिले.