गेल्याचा शिक्का

"शिक्का कशाला, मावशी? आपल्याच घरात शिरताना कुणी शिक्का मारून घेतं का?"

लारेदोच्या सरहद्दीवरच्या पुलाच्या मेक्सिकोकडच्या टोकाला बसलेला अधिकारी हसत होता. एर्लिंदाला मात्र दरदरून घाम फुटला होता. आज शनिवार, मुदतीचा शेवटचा दिवस. टेक्सासच्या न्यायाधीशांनी तिला स्वखुशीने देश सोडायची परवानगी दिली होती, ती आजपर्यंतचीच. आज ती बाहेर पडली हे सिद्ध झालं नाही, तर त्याच परवानगीचा हद्दपारीचा हुकूम होणार होता. मग मुलीने आईला अमेरिकेत कायम राहता यावं म्हणून केलेल्या अर्जाकडे दहा वर्षं कुणी बघणारही नव्हतं.

आणि पुलाच्या अमेरिकेकडच्या टोकाला तर जाणाऱ्याची कुणाला पर्वाच नव्हती. यंत्रात नाणी टाकली, दांडा फिरला, संपलं.

"मग मी आले हे तुम्ही तरी लिहून द्या," ती म्हणाली.

"अहो, समोर उभ्या आहात, आणखी काय लिहू? सरका, मागे रांग लागलीय."

बाजूला होऊन तिने मुलीला, यादिराला, फोन लावला.

"आई, परवानगीबरोबर दिलेला तो कागद वकिलातीत दाखवून शिक्का घ्यायचा असतो गं. अमेरिकेच्या, तिकडे मेक्सिकोतल्या. पण ती उघडणार सोमवारी!"

"मला वाटलं, पुलावरच शिक्का मिळेल."

"काल संध्याकाळपर्यंत घोळ घातलास, म्हणून हे झालं."

घोळ घातला होता हे खरं. वकीलबाईंनी निकालाला आव्हान देता येईल म्हटलं होतं. पण आव्हान दिलं की परवानगी त्याच क्षणी रद्द. लढायचं की निघायचं? अख्खा आठवडा एर्लिंदा हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करत हाच विचार करत होती. शेवटी भीतीनेच निर्णय घेतला.

"आजचा पेपर घे, तो हातात धरून पुलापाशी फोटो काढ," यादिरा म्हणाली.

"ओलीस धरलेल्यांचा काढतात, तसा?"

"आई, हसवू नकोस गं." पण ती रडत होती.

पेपरवाल्यानेच फोटो काढून दिला. रविवारभर एर्लिंदा भाड्याच्या खोलीत कागद उशाशी घेऊन बसून राहिली. फोटो मानलाच नाही तर?

सोमवारी ती वकिलातीच्या दाराशी सगळ्यांच्या आधी हजर. गणवेशातला पहारेकरी दिसताच तिचे पाय आपसूक मागे वळले. अमेरिकेत कागदपत्रांविना काढलेली बावीस वर्षं गणवेश दिसला की तिने रस्ता बदलला होता. आज आपण होऊन त्याच्यासमोर जायचं होतं. तिने जीव मुठीत धरला आणि ती पुढे झाली.

खिडकीतल्या मुलीने कागद पाहिला, तिचा चेहरा पाहिला, मग फोनमधला फोटो मोठा करून पेपरवरची तारीख वाचली.

"शनिवारीच आलात?"

"शनिवारीच."

ती मुलगी आत कुणाला तरी विचारायला गेली. बऱ्याच वेळाने ती परतली आणि धाडकन शिक्का उमटला.

"झालं?" फोनवर यादिराने विचारलं.

"झालं. मी तिथे नाही, असं लिहून दिलंय त्यांनी."

बावीस वर्षं ती तिथे होती, याचा मात्र एकही सरकारी कागद तिच्याजवळ नव्हता. तिने शिक्क्याचा कागद छातीशी धरला आणि ती रस्त्यावर आली. समोरून पोलिसांची गाडी येत होती. एर्लिंदा चटकन दुकानाच्या काचेकडे तोंड करून उभी राहिली, आणि गाडी दूर गेल्यावरही तशीच उभी होती.