पहिलं पान

थोरल्या भावानं बहिणीच्या अर्जातल्या पहिल्याच परिच्छेदावर लाल काट मारली.

"ज्ञानाचा दिवा, वाचनाची गोडी... हे सगळं काढ. हे कुणी वाचत नाही."

ग्रंथपालबाईंनी निमूट मान हलवली. छत गळू लागल्यामुळे त्यांच्या ग्रंथालयातला बालविभाग सहा वर्षं बंद होता. दर वर्षी त्या अनुदानासाठी अर्ज करत आणि दर वर्षी 'नामंजूर' एवढा एकच शब्द परत येई. दादा त्याच अनुदान कार्यालयात होता, पण नोकरीत असेपर्यंत त्यानं घरात या विषयाचं अवाक्षर काढू दिलं नव्हतं. गेल्या महिन्यात तो निवृत्त झाला, तशा त्या कागद घेऊन आल्या.

"छत गळतं ही तक्रार झाली. गरज लिही. किती मुलं यायची, आता ती कुठं जातात. मग तू काय करणार, किती दिवसांत, आणि काम झालं हे आम्हाला कशावरून कळणार. सगळं पहिल्या पानावर. दुसरं पान आम्ही उलटतच नव्हतो."

कपड्यांच्या घड्या घालता घालता वहिनी म्हणाली, "पण आधीचे अर्ज तरी कुठं वाईट होते? तुम्हीच म्हणायचात, पोरगी नेमकं लिहिते."

दादाचा हात थांबला.

"तू वाचले होतेस?" बाईंनी विचारलं.

"टेबल माझंच होतं." त्यानं पेनला टोपण लावलं. "बहिणीचा अर्ज पुढं सरकवला असता, तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. नोकरीला डाग नको होता."

"दुसऱ्या कुणाकडे द्यायचास."

वहिनी घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा त्याची घडी घालू लागली.

बाईंनी कोरा कागद पुढं ओढला. "सांग. गरजेनंतर काय?"

अर्ज मंजूर झाला. छत नवं झालं, भिंती रंगल्या, बुटकी कपाटं आली. उद्घाटनाच्या आठवड्यात दादाचा फोन आला.

"पाहिलंस? नीट लिहिलं की मिळतं. पाहुणे कोण येतायत?"

"एक मुलगी होती. शाळा सुटली की रोज यायची. कुलूप लागल्यावरही कितीतरी दिवस दार ढकलून बघायची. तिला बोलावलं होतं."

"मग?"

"कॉलेजात जाते आता. म्हणाली, वाचनाची सवय सुटली, मी येऊन काय करू?"

दादा खाकरला. "मी मोकळाच आहे त्या दिवशी. पाहुण्यांच्या खुर्चीवर कुणीतरी हवं ना."

"ती खुर्ची आम्ही रिकामीच ठेवतोय, दादा," बाई म्हणाल्या. "तू ये. मागं जागा आहे."