गरज पडली तरच

"मावशी, कुरडया झाका!" गल्लीतून चंदर ओरडला.

"कशाला झाकू? इतकी वर्षं झाकल्या, बास झालं की!" लंकाबाईनं गच्चीवरूनच उत्तर दिलं आणि सोऱ्या दाबून आणखी एक कुरडई कागदावर सोडली. पांढरीशुभ्र, गरगरीत.

पिंपळदऱ्यात उघड्यावर वाळवण घालायची सोय नव्हती. औष्णिक वीज केंद्राची चिमणी गावाच्या डोक्यावरच उभी. वरून साडी पांघरली तरी कुरडई राखेनं दाताखाली कचकच वाजायची. पण काल रात्री बाराला तिथला जुना वीजसंच कायमचा बंद व्हायचा होता. दिल्लीत कायदा झाला होता, पेपरातही छापून आलं होतं. पहाटे लंकाबाईनं स्वतः उठून पाहिलं, तर चिमणीच्या तोंडाला धुराचा ठिपका नाही. तिनं लगेच चूल पेटवली आणि तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजायला घातला.

घाई कुरडयांची नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा महेश ओझरच्या कारखान्यात कामाला. घरून रोज जाऊन-येऊन केलं असतं त्यानं. पण नातीला, आरोहीला, या राखेत दम लागायचा. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी पोरीचे ओठ निळे पडले, आणि त्याच आठवड्यात महेशनं बायको-पोरीसाठी ओझरला खोली घेतली. "चिमणी थांबली की त्याच दिवशी परत येतो, आई," एवढंच बोलून गेला.

तेव्हापासून चार माणसांच्या घरात लंकाबाई एकटी. घरात ऐकायला कोणी नाही, म्हणून सगळ्या गल्लीला ऐकवायची, आणि ऐकवायची तेही काय? एकदा म्हणे राख एवढी पडली, की तिची म्हैस पांढरीफेक झाली आणि पिंपळगावच्या व्यापाऱ्यानं गाय समजून नेली. "मग त्याला कळलं कसं?" कोणी विचारलंच, तर हिचं उत्तर तयार. "रेकली ना ती! नाहीतर आजवर पुजली असती त्यानं."

चंदर जिना चढून वर आला. तो केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कंत्राटी कामाला, आत्ताच पाळी संपवून आलेला. त्यानं बोट वर केलं.

लंकाबाई वळली. चिमणीतून धूर निघत होता. रोजच्यासारखाच.

"बंद झालं ना ते?"

"झालं की. रात्री बाराला झालं, सायबानं फोटो बी काढले. सकाळी सहाला परत चालू झालं."

"आन् तो कायदा?"

"कायद्यात लिव्हलंय, जुन्या संचाला नवा परवाना द्यायचा नाय."

"मग?"

"नवा दिलाच नाय. जुनाच वाढवला. आता ह्यो राखीव संच हाय. गरज पडली तरच चालवायचा."

"आन् गरज कवा पडती?"

"रोज," चंदर म्हणाला. "दिल्लीत दोन्ही बाजूंची तडजोड झाली म्हणे."

"दोन्ही बाजू म्हंजे कोण रे? मला तर कोणी बोलावलं नाय."

चंदर हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. "कागदावर बंदच हाय, मावशी. कोणी विचारलं तर बंदच सांगा, असं सांगितलंय आम्हाला." असं म्हणून तो झोपायला घरी गेला.

लंकाबाईनं एका कुरडईवरून बोट फिरवलं. बोटाला राख लागली.

तेवढ्यात महेशचा फोन.

"आई, पेपरात वाचलं! बंद झालं ना? घरमालक समोरच उभा आहे. खोली सोडतो म्हणून सांगून टाकू का?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. संध्याकाळपर्यंत टेम्पो दारात आला असता. आणि खोटं तरी कसं म्हणणार? साक्षात सरकारच सांगत होतं, बंद आहे. जन्मभर पदरच्या गोष्टी रचणाऱ्या बाईला आज कोणीतरी दिल्लीहून तयार गोष्ट धाडली होती, सहीशिक्क्यासकट.

तिच्या तोंडात 'हो' आलंही.

"नको सोडू खोली," ती म्हणाली. "चालू हाय."

"अगं पण पेपरात..."

"पेपरात बंद हाय. हितं चालू हाय."

मागून आरोहीचा आवाज आला, मग फोनच तिच्या हातात गेला. चित्र दिसणारा फोन लागला. सात वर्षांचं तोंड, दोन वेण्या, पाठीवर दप्तर.

"आजी, तू गंमत करतेस! मी दप्तर पण भरलं!"

"न्हाई गं बाई. गंमत न्हाई."

"तू नेहमी असंच म्हणतेस! खोटं! मला दाखव बरं चिमणी."

आपल्याऐवजी समोरचं चित्र कसं दाखवायचं, ते बटण लंकाबाईला कधीच सापडलं नव्हतं. तिनं एकदा त्या दोन वेण्या डोळे भरून बघितल्या. मग आख्खा फोनच उलटा केला आणि काचेची बाजू चिमणीकडे धरली. आता पोरीला चिमणी दिसत होती, आणि लंकाबाईला फोनची काळी पाठ.

"दिसलं का गं?"

पलीकडून नुसता पोरीचा श्वास ऐकू येत होता. मोकळा, जराही न घरघरता.

लंकाबाईनं हात तसाच वर धरून ठेवला.