कोपऱ्यातली माती

भीमाप्पा सरांनी खुरप्याने माती खरवडून पिशवीत घातली, तसा भावकूने त्यांचा हात धरला.

"बास, सर. गेल्या खेपेला न्हेलाय की चमचाभर."

"चमच्यानं भागत न्हाय, अण्णा. पाटीभर पायजे."

उचगावच्या त्या भातशेतात विहिरीजवळचा हा कोपरा पंधरा वर्षं ओसाड होता. एकाहत्तर सालापासून भावकू किडीच्या पावडरीचे डबे आणि फवारणीचा पंप इथेच धुवायचा. त्याची बायको जयाबाई मात्र रोज गोठा धुतला की शेणाच्या पाण्याची बादली आणून तिथे ओतायची.

"दगडाला पाणी घालत्यास," तो हसायचा.

"माती हाय ती. भूक लागली की इखबी खाईल."

गेल्या वर्षी तिथे हरळी फुटली. बघायला या म्हणून जयाबाईने चार हाका मारल्या. भावकू विहिरीवरची मोटार खोलून बसला होता. उद्या बघू म्हणाला. ते राहूनच गेलं. दिवाळीनंतर ती गेली.

आता बेळगावच्या कॉलेजातले हे सर सांगत होते, की या मातीत पावडरीचं विष खाणारे जंतू वाढलेत. शेणाने ते जगले. ते वाढवून दुसऱ्या नासलेल्या शेतात सोडून बघायचे होते.

"दुसरीकडनं घ्या," भावकू म्हणाला. "तिच्या हातचं एवढंच ऱ्हायलंय."

सरांनी पिशवी खाली ठेवली.

तेवढ्यात शेजारची शालूबाई भाकरीचं गठुडं घेऊन आली. जयाबाई गेल्यापासून त्याची दुपारची भाकरी तिच्याकडूनच यायची. आज वाटीत दही होतं. भावकूने एक घास घेतला आणि थांबला. सुतकाच्या दिवसांत घरातलं विरजण कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. ते नासलं, तेव्हापासून त्याने दही खाल्लं नव्हतं.

"हे कुठलं गं?"

"तुमच्याच घरचं की, दाजी. जयाक्कानं विरजण दिलतं. पाच वर्सं झाली, मोडू दिलं न्हाय मी."

भावकूने वाटी बोटाने पुसून खाल्ली. मग उठून फावडं घेतलं, हरळीचा एक गड्डा सोडून माती ओढली आणि पाटी काठोकाठ भरली.

"न्या. पन जगवा," तो सरांना म्हणाला. "आमची बिघडली तर मागाय येतो."