जपून ठेवलेली बाहुली

या, मित्रांनो, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जवळ या. माझी कथा गोड नाही, पण मन लावून ऐका.

मी एक जुनी रबरी बाहुली आहे. खेळण्यातली नव्हे. जखमी लेकरांवर उपचार कसे करावेत, हे दवाखान्यातल्या लोकांना शिकवण्यासाठी मला घडवले. पाच वर्षांच्या मुलीएवढी माझी उंची. जबडा वर उचलला की माझ्या घशाची वाट मोकळी होते आणि तोंडात फुंकर घातली की छाती फुगते. ज्या बाईने मला साच्यातून काढले, तिने माझ्या कपाळावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "जा गं, खूप मार खा." तो तिचा आशीर्वाद होता.

मार काही मिळाला नाही. दूरदेशाहून पेटीत बंद होऊन मी या गरीब गावच्या दवाखान्यात आले आणि शिकवणाऱ्या सरांनी मला काचेच्या कपाटात बसवले. अंगावरचे प्लॅस्टिकसुद्धा उतरवले नाही. "खराब होईल. हात लावायचा नाही, तोंडानं म्हणायचं," असा त्यांचा नियम. मग परिचारिका माझ्यासमोर रांगेत उभ्या राहत, हात पाठीमागे बांधत आणि एका सुरात म्हणत, "मान धरली. जबडा उचलला. तोंड साफ केलं. श्वास चालू झाला." काय गोड चाल लागली होती त्या पाठाला! पाहुणे येत, माना डोलावत, माझ्या चकचकीत गालांचे कौतुक करून जात.

त्या परिचारिकांत एकीला सगळे हसरीच म्हणत. ती एकदा म्हणाली, "सर, माझ्या पोरीलासुद्धा कुणी एवढं जपत नाही हो!"

"तुला पोरगी दुसरी होईल," सर म्हणाले. "ही बाहुली मी कुठून आणू?"

सगळ्या खो-खो हसल्या. हसरीही हसली.

आता मन घट्ट करा.

एका सकाळी पाठ चालू होता. सर पाहुण्यांना आणायला फाटकापाशी गेले होते. तेवढ्यात एक बाई लेकीला छातीशी धरून धावत आत आली. मुलीच्या अंगावर भिंत पडली होती. तिला माझ्यासमोरच्या टेबलावर निजवले. तोंडात रक्त साचलेले, घशातून घरघर.

"ताई, बघा ना हो! चिमे, डोळे उघड गं!"

हसरी पुढे झाली. भेदरली होती बिचारी. तिचे हात आपोआप पाठीमागे गेले आणि ओठ चालू झाले. "मान धरली. जबडा उचलला. तोंड साफ केलं." बाकीच्यांनी मागून सूर धरला. एकीचाही हात पुढे आला नाही. अगं बायांनो, जबडा उचला! रक्त टिपा! पण मला घसा दिला होता, आवाज दिला नव्हता.

"श्वास चालू झाला," हसरी म्हणाली.

आईने ते खरे मानले. तिने देवाला हात जोडले. "वाचली गं माझी चिमी!" घरघर खरेच थांबली होती. आत हवाच जात नव्हती.

हसरीने तेव्हा कुठे हात लावला. चिमी गेली होती.

सर धावत आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "पायऱ्या तर बरोबर म्हटल्या," ते म्हणाले, आणि माझ्या काचेवर उडालेले रक्त रुमालाने पुसले.

मित्रांनो, देव भोळा आहे. नुसत्या ओठांनी घेतलेले नावही तो गोड मानून घेतो. घशात साचलेले रक्त तसे भोळे नसते. म्हणून सांगते, आम्हा बाहुल्यांना जपू नका. माझी मान मोडू द्या, गाल फाटू द्या, छाती झिजू द्या. फाटेल ते रबर फाटेल.

परवा चिमीची आई इथे आली होती. हसरीचे हात कपाळाला लावून म्हणाली, "ताई, तुम्ही सगळं केलंत हो. देवाचीच मर्जी."

हसरीचे हात पुन्हा पाठीमागे गेले. मित्रांनो, ती देवाची मर्जी नव्हती. आज देवापुढे हात जोडून बसाल, तेव्हा चिमीची आठवण ठेवा.