फ्लॅनेलची जीभ

जिभेनं बोलावं यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण मी लाल फ्लॅनेलची जीभ आहे आणि आजवर माझ्याकडून एक अक्षरही उमटलेलं नाही. आज पहिल्यांदाच बोलतेय. ऐकून घ्या.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या बाईंना वर्गात दाखवायला एक तोंड हवं होतं. प्लास्टरचा जबडा दातांच्या डॉक्टरांनी दिला. जीभ मात्र कुठे मिळेना. मग बाईंच्या जाऊबाईंनी जुनं फ्लॅनेल कापलं, आत कापूस भरला, वाकवता यावं म्हणून तार घातली आणि मला शिवलं. "घ्या," त्या म्हणाल्या, "आपल्या घरात जिभा कमी पडत होत्या ना!"

इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत बाईंचा वर्ग भरे. खालून गरम कापडाचा वास येई. बाई मला बोटांत धरून दातांमागच्या उंचवट्याला टेकवत आणि म्हणत, "इथं. पाहिलंत? आता सोडा." समोर सगळे छोट्या आरशांत पाहून तसंच करत. माणसांना आपल्या जिभेची किती लाज वाटते! मला खुशाल न्याहाळत, पण स्वतःची दिसली की तोंडावर हात.

बाईंची शिस्त कडक होती. "व्यंजन अर्धवट टाकायचं नाही. पूर्ण करा, मग पुढचा शब्द." त्यांचे विद्यार्थी शब्द असे उच्चारत, जणू एकेक वीट रचतायत. बाईंना त्याचा अभिमान होता. मलाही होता.

त्या वर्गात एक नर्स येत असे. सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिचा नवरा नोकरीसाठी परदेशात गेला होता. तिकडच्या शाळेचं वर्ष बुडू नये म्हणून लेकीलाही त्यानं सोबत नेलं होतं. सिस्टरला तिकडे जायचं तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हायला हवी होती. आरशात बघायला ती कधी लाजली नाही. "रोज लोकांच्या जिभा बघते मी," ती म्हणायची, "माझीच काय ती राहिली होती."

तरी ती नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास. परीक्षकांचा शेरा तिनं बाईंना सांगितला. सुटे उच्चार स्वच्छ आहेत, पण बोलणं सलग नाही, आणि दुसऱ्याचं सलग बोलणं हिला कळत नाही.

बाईंनी मला बाकावर ठेवलं. मग म्हणाल्या, "सिस्टर, तू घरी 'काय करत आहेस' असं विचारतेस का गं?"

"छे! 'काय करतेयस' म्हणते."

"मग इंग्रजांनी काय घोडं मारलंय? तेही शब्दाला शब्द चिकटवतात. 'गुड डे' म्हणताना जीभ दोनदा नाही टेकवायची. एकदाच टेकव, धरून ठेव, मग सोड."

हे बाईंना आधी माहीत नव्हतं असं नाही. पण मला टेकवून दाखवणं सोपं होतं, पळवून दाखवणं अवघड. आता त्या मला चिमटीत धरून एका व्यंजनावरून दुसऱ्यावर भराभरा नेऊ लागल्या. माझी शिवण उसवली, तार बाहेर आली.

"बाई, दमवलंत की हो तिला," सिस्टर हसून म्हणाली. तिनंच टाके घातले, जखमेला घालतात तसे. हळूहळू तिचे शब्द एकमेकांत मिसळू लागले. पुढची परीक्षा शेवटची होती. तिकडच्या नियमानं त्यानंतर पुन्हा बसता येणार नव्हतं.

परीक्षा देऊन ती थेट वर्गात आली. पर्स न उतरवताच बाकावर बसली.

"सगळं येत होतं, बाई. पण समोरचा बोलायला लागला आणि मी घाबरले. घाबरल्यावर तुमचा सुरुवातीचा धडाच कानात आला. पूर्ण कर, पूर्ण कर. मग मी एकेक पूर्ण करतच राहिले."

बाईंनी तिच्या खांद्यावरची पर्स उतरवून ठेवली.

निकाल लागायचा तोच लागला. बाईंना तो सांगायला सिस्टर आली, तेव्हाच तिच्या लेकीचा फोन आला. फोन स्पीकरवर टाकून तिनं बाकावर, माझ्या शेजारीच ठेवला होता. लेक इंग्रजीत भरभर काहीतरी सांगत होती, झऱ्यासारखं. सिस्टर नुसतं "हो गं, हो" म्हणत होती. मग पलीकडे पोर थांबली. आईला कळत नाहीये हे तिला कळलं असावं. ती मराठीत बोलू लागली. एकेक शब्द शोधून, एकेक व्यंजन पूर्ण करून.

"आई. तू. कधी. येणार. आहेस?"

अगदी आमच्या वर्गातल्यासारखं.

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्यानंतर बाईंनी वर्गच बंद केला. मी आता खडूच्या डब्यात आहे. खाली इस्त्री चालू असते, वर कुणी येत नाही. सिस्टरचे टाके अजून घट्ट आहेत, पण त्यांचा आता काय उपयोग?

हा डबा कधी तुमच्या हाती आला तर मला दातांमागे टेकवू नका. कुणाला शिकवायला तर नकोच. मला इथेच पडू द्या. आणि तुमचं लेकरू अजून तुमच्याशी न थांबता, न अडखळता बोलत असेल, तर आज घरी जाऊन जरा वेळ नुसतं ऐकत बसा.